वस्त्रगाळ

४ जानेवारी

आज गाळ्याची किल्ली मिळाली. लालबागची जुनी इस्टेट, पहिला मजला, खाली मखरांचं गोदाम, शेजारी पावतीपुस्तकं छापणारा. हेरंबने नारळ फोडला आणि पाणी नेमकं भट्टीच्या प्लगवर उडालं. "शुभ आहे," म्हणाला. हेरंबला सगळंच शुभ वाटतं. रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर काढल्यामुळे त्याचे गुणदोष मला पाठ आहेत. त्याने नोकरी सोडलेली नाही, जमेल तसा येणार. मी सोडली.

काय करायचंय ते एकदा लिहून ठेवते. भाताच्या तुसात सिलिका असते. तूस भट्टीत जाळायचं, राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची, सिलिका विरघळून पाण्यात उतरते. दुसरीकडे कोळंबीच्या सालींतून कायटोसान नावाचा चिकट पदार्थ काढायचा. दोन्ही एकत्र करून कागदावर पातळ थर दिला की कागद ओल सोसतो, फाटत नाही, आणि टाकला की मातीत जातो. मासळीबाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी हा कागद. प्रयोगशाळेत जमलंय, आता पोत्यापोत्याने जमायला हवं.

आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे फोलपटं नि सालं. ह्याच्यासाठी एमेस्सी केलीस?"

बाबा नुसते बघायला आले होते. मिल बंद पडल्यापासून बाबा कुठेही नुसते बघायला जातात. रस्ता खणत असतील तिथे जातात, कुणाचं लादीकाम चालू असेल तिथे जातात. आज भट्टीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "चांगला माल आहे." जाताना दार त्यांनी ओढून घेतलं आणि कुलूप दोनदा हिसडून बघितलं.

१२ जानेवारी

बाबा आता रोज येतात. मी बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही. सकाळी शर्ट खोचून, डबा घेऊन हजर. आई म्हणते, पहिल्या पाळीला निघाल्यासारखे निघतात. काळाचौकीहून चालत येतात आणि माझ्या आधी पोचतात.

कणकवलीच्या गिरणीतून तुसाची पहिली पोती आली. पहिली राख करडी निघाली. बाबांनी चिमटीत घेतली आणि तोंड वाकडं केलं. "ही काय राख? मशेरी झाली ही." बाबा ब्लिचिंग खात्यातले. त्यांच्या खात्यातून बाहेर पडलेलं कापड इतकं पांढरं की उन्हात त्याच्याकडे बघवत नसे, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय.

हेरंबने त्यांना शांतपणे सांगितलं. "काका, करडी चालेल. भट्टी सहाशे अंशांच्या वर न्यायची नाही. तुसातली सिलिका सैल असते, कण कसेही पडलेले असतात. जास्त तापली की ते कण रांगेत उभे राहतात, स्फटिक होतात. मग तिची वाळू झाली. वाळू कधी विरघळते का?"

बाबांनी मान डोलावली. मिलमध्ये मास्तर काही सांगायला लागला की अशीच डोलावत असणार.

मास्कचा खोका आणलाय. बाबा मास्क हनुवटीवर लावतात. मास्क लावून बोलता येत नाही आणि न बोलता बाबांना काम करता येत नाही.

३ फेब्रुवारी

जमलं! वरळी कोळीवाड्यातल्या राधाबाई आम्हाला कोळंबीची सालं देतात. आज त्यांच्याच पाटीवर आमचा कागद ठेवला, त्यात चार बांगडे आणि मूठभर बर्फ. बाजार उठेपर्यंत कागद तसाच. राधाबाईंनी तो उलटा करून, उजेडात धरून, वास घेऊन बघितला. "कागद हाय ना? मंग पानी कुठं गेलं?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली असती, पण हातात बांगडे होते.

बाबा घरी येऊन आईला सांगत होते, "आपल्या कागदाक भोक नाय." आपल्या, म्हणाले. मग मंडळाच्या भजनाला गेले आणि परत येईपर्यंत चाळीतल्या सगळ्यांना कळलं होतं.

मला खूप दिवसांनी बरं वाटतंय.

२७ फेब्रुवारी

दादरला पद्मजा मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांची कंपनी मासळी पॅक करून हॉटेलांना देते. कागद त्यांनी बोटांनी चोळला, पाणी ओतलं, कात्रीने कापून कड बघितली. बाई हुशार आहे. म्हणाली, "काम करतो. पण मळका दिसतो हो. पापलेट ह्याच्यावर ठेवलं तर कालचं वाटेल." पावसाळा संपेपर्यंत तीन मोठे लॉट बघेल, त्यातला एक जरी पसंत पडला तर करार करेल, नाही तर तिला दुसरीकडून कागद घ्यावा लागेल.

राखेतला काळेपणा पाण्यात थोडा उतरतोच, गाळून पूर्ण जात नाही. घरी जेवताना वैतागून बोलले, "सगळं जमलं आणि अडलं कुठे, तर रंगावर! पांढरं हवं म्हणे." बाबा ऐकत होते. भाकरी मोडून मोडून खात होते.

११ मार्च

हेरंब दोन महिन्यांसाठी कंपनीच्या नाशिकच्या प्लांटवर गेला. जाताना भट्टी बाबांच्या हाती सोपवून गेला. मी सालींच्या मागे असते, दिवसभर कोळीवाडा आणि मच्छीमार नगर चालू असतं. माझ्या अंगाचा वास आता साबणाने जात नाही.

आज गाळ्यावर आले तर ट्रेमध्ये पांढरी राख! करडी नाही, पांढरी, किंचित गुलाबी झाक. मी भट्टीवर लावलेला आकडा बघितला, सहाशेच होता. म्हणजे गिरणीवाल्याने ह्या वेळी तूस स्वच्छ पाठवलंय. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हात मागे बांधून, माझ्या तोंडाकडे बघत. मी त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. "बाबा, काय राख आहे! अशीच हवी." बाबांचे कान लाल झाले. मला आठवतं तेव्हापासून मी त्यांचे कान लाल झालेले पाहिले नव्हते.

२ एप्रिल

काहीतरी बिनसलंय. पांढरी राख कॉस्टिकमध्ये उकळली तर खाली गाळ राहतो. निम्मी विरघळते, निम्मी तशीच. सगळं पुन्हा केलं, तेच. कॉस्टिक जुनं असणार. दुसरं मागवलं.

बाबांना खोकला आहे. खाली मेट्रोचं काम चाललंय, सगळ्या लालबागला खोकला आहे.

२१ एप्रिल

नवं कॉस्टिक, जुना गाळ. गिरणीवाल्याला फोन करून भांडले. तो बिचारा म्हणतो, तूस तेच, भात तेच, गिरण तीच. मी म्हटलं, मग राख पांढरी कशी? तो म्हणाला, "ताई, ते तुम्हीच सांगा."

मास्कचा खोका संपला. मागवायचाय.

६ मे

मार्ग सापडला. विरघळत नाही म्हणजे कण जाड आहेत. बारीक दळली की कॉस्टिकला जास्त अंग मिळेल. साधी गोष्ट, मला महिन्यापूर्वी सुचायला हवी होती. बाबांना म्हटलं, अजून बारीक करा. त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, वस्त्रगाळ.

बाबांनी आईचं जुनं मलमलचं लुगडं आणलं, चौघडी करून पातेल्याला बांधलं. दळायचं, चाळायचं, उरलेलं पुन्हा दळायचं. अशी पूड निघते की बोटाला लागलेली दिसत नाही, फक्त बोट गुळगुळीत होतं. पंखा लावला की उडते, म्हणून पंखा बंद. खिडकीतून वारा येतो, म्हणून खिडकी बंद. मेचा उकाडा, आणि बाबा आत बनियनवर. मी म्हटलं, बाबा, थोडं थांबा, बाहेर बसा. म्हणाले, "ब्लिचिंगात ह्याच्यापेक्षा गरम होतं गो."

उन्हाची तिरीप आली की त्यांच्या डोक्याभोवती सगळं चमकत होतं. मी फोटो काढला. छान आलाय.

२९ मे

बारीक करून थोडा फरक पडला. थोडाच. अजून बारीक करायला हवी.

आई आज भडकली. बाबांचे कपडे धुतले की बादलीत दुधासारखं पाणी होतं आणि तळाशी रांगोळी बसते म्हणे. "तुमची दोघांची राख माझ्या गादीवर नको." मी म्हटलं, गाळ्यावरच कपडे बदलायला सांगते. सांगायचं राहिलं.

१८ जून

पहिला मोठा लॉट गेला आणि परत आला. थरात बारीक खडे, कागद दुमडला की तिथेच चिरतो. पद्मजा मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मेघना, तुमच्या फेब्रुवारीच्या कागदासारखा द्या ना." फेब्रुवारीचा कागद मळका होता म्हणून नाक मुरडलंत, हे तोंडावर आलं होतं. गिळलं.

हेरंब परत आलाय, पण कंपनीत काहीतरी गडबड आहे, रविवारीच येतो. भट्टीचा आकडा, राखेचं वजन, कॉस्टिकचा जोर, सगळं तपासलं. सगळं बरोबर. दोघंही खुर्च्यांवर बसून राहिलो. बाबांनी चहा आणला. एका हातात किटली, दुसरा हात कठड्यावर. पहिल्या मजल्यावर यायला मध्ये थांबले, मी वरून बघत होते. वय झालं आता त्यांचं.

९ जुलै

बाबा हल्ली जेवायला घरी जात नाहीत. गाळ्यावरच डबा खातात, संध्याकाळी एकदाच घरचा जिना चढतात. किती मनावर घेतलंय त्यांनी! मी आईला म्हटलं, बघ, मिल सुटल्यावर पहिल्यांदाच माणूस असा कामात आहे. आई म्हणाली, "बसून झोपतात ते. ट्रंकेला टेकून." मी म्हटलं, उकडतं ना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कांदा चिरायला लागली.

सरकारी दवाखान्यातून खोकल्याचं औषध आणलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, काम काय करता? बाबा म्हणाले, "मिलमध्ये होतो." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

४ ऑगस्ट

दुसरा लॉटही गेला. आता एकच उरला. मी गाळ्याच्या संडासात जाऊन रडले. बाहेर बाबांचा चाळणीचा आवाज चालू होता, मध्ये थांबायचा, परत चालू व्हायचा.

हेरंबने आपल्या ओळखीने राखेचा नमुना क्ष-किरणांच्या चाचणीला पाठवलाय.

१७ ऑगस्ट

आज फोन आला. हेरंब म्हणाला, "बसली आहेस का? राख स्फटिक झालीय. चांगली उंच उंच टोकं आलीत आलेखात. सहाशेला असं होणं शक्य नाही, मेघना. ही भट्टी नऊशेपर्यंत गेलीय, आणि एकदा नाही."

मी फोन ठेवून बाबांसमोर उभी राहिले. "बाबा, तुम्ही भट्टीला हात लावता?"

बाबांनी चाळणी बाजूला ठेवली, आणि हसले. मला म्हणाले, "लावतो ना. सहाशेक ती मशेरीच रवता. वाढवली की कशी खुलते बघ." मग म्हणाले, "काम झाला की परत सहाशेवर आणून ठेवतो. हेरंबने दिली तशी. मशीन ज्या आकड्यावर हातात मिळालं त्याच आकड्यावर पुढच्या पाळीला द्यायचं, हा आमचा नियम."

मार्चपासून! रोज सकाळी वाढवायची, रोज मी यायच्या आत उतरवायची. मी आकडा बघत होते आणि आकडा बरोबर होता.

मी ओरडले. खूप ओरडले. पाच महिने फुकट गेले म्हटलं, दोन लॉट तुमच्यामुळे गेले म्हटलं, हेरंबने सांगितलेलं कळत नव्हतं तर विचारायचं होतं, कुणी सांगितलं होतं भट्टीला हात लावायला, पुन्हा कुठल्या बटनाला हात लावाल तर बघा. छापखानेवाला दारात येऊन बघून गेला. बाबा उठायला गेले, त्यांना उठवेना. स्टुलाला धरून परत बसले. म्हणाले, "तूच म्हणालीस ना, अशीच हवी."

मी खाली निघून आले. संध्याकाळी हेरंबचा परत फोन. "मेघना, काका मास्क लावतात ना? चाळताना?" मी म्हटलं, लावतात. इथे धंदा बुडतोय आणि ह्याला मास्कचं पडलंय. फोन ठेवल्यावर आठवलं की खोका एप्रिलमध्येच संपला होता.

१८ ऑगस्ट

झोप आली नाही. मला माहीत आहे. हे मी एमेस्सीला शिकलेय, कंपनीत नव्या मुलांना शिकवलंय. सैल सिलिका निराळी आणि स्फटिक निराळी. स्फटिकाची बारीक पूड श्वासात गेली की फुप्फुसातून परत येत नाही. जितकी बारीक तितकी खोल.

वस्त्रगाळ, म्हटलं होतं मी.

पण इतक्या लवकर काही होत नाही. दगडाच्या खाणीत माणसं वर्षानुवर्षं काम करतात तेव्हा होतं. आणि ब्लिचिंगच्या आधी बाबा कताई खात्यात होते, त्यांच्या छातीत आधीच मिलचा कापूस आहे, हा खोकला त्याचाच असणार. उद्यापासून त्यांना गाळ्यावर येऊ द्यायचं नाही, एवढंच.

१९ ऑगस्ट

बाबांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, घरी आराम करा. त्यांना वाटलं शिक्षा आहे. डबा रिकामा करून, घासून, फळीवर उलटा ठेवला. धुळीचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण परवाच्या ओरडण्यानंतर ते बोलणं कसं सुरू करायचं हेच कळेना.

९ सप्टेंबर

तिसरा लॉट मी आणि हेरंब मिळून करतोय. सहाशेला, करडी राख, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. विरघळते. कागद फेब्रुवारीसारखा होतोय. मला आनंद व्हायला हवा.

चाळीच्या गणपतीची आरती झाली. शेवटच्या आरतीत एक ओळ बाबा एका दमात ओढतात. सगळी चाळ टाळ थांबवून ऐकते, पोरं बोटं मोजतात, आणि बाबा डोळे मिटून ओढत राहतात. माझ्या जन्माच्या आधीपासून हे चालू आहे. आज टाळ थांबले. बाबांनी तोंड उघडलं. ओळ निघाली आणि पहिल्याच शब्दापाशी संपली. पुढे नुसता खोकला. कुणीतरी घाईघाईने टाळ परत सुरू केले, सगळे एकदम मोठ्याने म्हणायला लागले. बाबा मागे सरकत सरकत भिंतीपाशी गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचे ओठ निळे दिसत होते. मी आधी म्हटलं, ट्यूबलाइटचा रंग आहे.

ट्यूबलाइटचा नव्हता.

१३ सप्टेंबर

परळच्या इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टर, फार सभ्य. छातीचा फोटो बघून बाबांना विचारलं, "काका, दगड फोडायचं काम करता? की वाळूचं?" बाबा म्हणाले, "नाय हो. मी मिलवाला."

मग मीच सांगितलं. भट्टी, राख, दळणं, मलमल, बंद खिडकी. कुठे थांबायचं ते कळेना, सांगतच गेले. डॉक्टर लिहायचे थांबले. बाबांना बाहेर बसायला सांगून मला म्हणाले की कापसाने आधीच निकामी झालेल्या फुप्फुसावर हे बसलंय, म्हणून इतक्या वेगाने. औषध नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा. मी विचारलं, किती? त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

"तुम्ही स्वतः केमिस्ट आहात ना?" एवढंच विचारलं त्यांनी. वाईट हेतूने नाही.

बाहेर आले तर बाबा बाकावर बसून एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. छातीचा पिंजरा आणि त्यात सगळीकडे पांढरं, शिंपडल्यासारखं. त्यांनी तो माझ्याकडे वळवला. थांबत थांबत म्हणाले, "बघ गो. कसां पांढरां... इलां."

ते थट्टा करत होते की काय, मला कळलं नाही. मी त्यांच्या हातातून एक्स-रे घेतला आणि पाकिटात घातला.

२ ऑक्टोबर

तिसरा लॉट दिला. पद्मजा मॅडमना आवडला. मळका आहे, पण चालेल म्हणाल्या. करार करायला बोलावलं. फेब्रुवारीत हेच म्हणाली असतीस बाई, तर.

नाही. तिचा काय दोष? तिने कागद पांढरा मागितला. राख बारीक मी मागितली.

गेले नाही. हेरंबला म्हटलं, तू कर, माझं नाव नको. तो म्हणाला, तुझ्याशिवाय नाही करणार. मग कुणीच केलं नाही. राधाबाईंना सालं नकोत म्हणून सांगायला गेले. त्यांनी कारण विचारलं. बाबा आजारी आहेत म्हटलं. त्यांनी परतताना दोन सुरमईचे तुकडे दिले, सारासाठी. प्लास्टिकच्या पिशवीत.

२३ ऑक्टोबर

गाळा सोडला. भट्टी विकली. घेणाऱ्याने चालू करून बघितली, ती बरोबर सहाशेला थांबली. पांढऱ्या राखेचं एक पातेलं कोपऱ्यात होतं, वर मलमल तशीच बांधलेली. पाणी ओतून चिखल केला आणि मगच उचललं. ही अक्कल आता आली.

मी पुन्हा नोकरीला लागलेय, अंधेरीला, दुसऱ्यांच्या रंगाचे नमुने तपासते.

१६ नोव्हेंबर

ऑक्सिजनचं मशीन खाटेशेजारी असतं, दिवसभर घुर्र करतं. त्याला एक चकती आहे. डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलंय, लागलं तर वाढवा, पण वाढवावं लागलं तर मला कळवा, असं बजावलंय. मी कामावरून आले की आधी चकती बघते. दोनवर असते. म्हणजे टिकून आहे. बाबांना विचारते, कसं आहे? ते म्हणतात, "बरां आसा." मला थोडा धीर येतो.

बाबांना काय झालंय हे त्यांना आम्ही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही.

३० नोव्हेंबर

आज आईने नळावर गाठलं. हंडा भरत भरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते दिवसभर पाचवर ठेवतात."

मला आधी समजलं नाही.

"चकती. तू गेलीस की पाचवर नेतात. तरी पुरत नाही. संध्याकाळी जिन्यात तुझं पाऊल वाजलं की दोनवर आणतात. मी विचारलं, असं कशाला? म्हणाले, तिने दोनवर दिलंय. बटनाला हात लावला तर ती ओरडते."

हंडा भरून वाहत होता. आईने नळ बंद केला.

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, पाच ही शेवटची, त्याच्यापुढे ह्या मशीनमध्ये काही नाही. पाचवरच राहू द्या.

४ डिसेंबर

बाबांना सांगून बघितलं. म्हटलं, बाबा, हवी तेवढी वाढवा, मी ओरडणार नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. मी स्वतः पाचवर नेली. बाबा म्हणाले, "नको गो, दोन पुरे." आणि माझ्यादेखत परत दोनवर आणली. मग ओठ घट्ट मिटून, नाकाने श्वास घेत, माझ्याकडे बघून हसत राहिले. मला ते बघवलं नाही. मी उठून गॅलरीत गेले. लगेच आत चकती फिरल्याचा टक आवाज आला.

११ डिसेंबर

हल्ली मी जिन्यात चपला काढून हातात घेते. दाराशी येऊन उभी राहते. आत मशीन जोरात चाललेलं असतं, म्हणजे पाचवर. बाबा आईशी बोलत असतात, दोन शब्द, मग थांबून आणखी दोन. आज मिलचं काहीतरी सांगत होते. कुठल्याशा लग्नासाठी खास ब्लिच करून काढलेल्या ताग्यांचं. आई हूं हूं करत होती. ही गोष्ट मला पाठ आहे, तरी पूर्ण ऐकली.

शेजारच्यांनी विचारलं, आत का जात नाहीस? मी काहीतरी सांगितलं.

मग खाली उतरले, दुधाची पिशवी घेतली, चपला घातल्या, आणि जिना वाजवत वाजवत हळूहळू चढले. पोचले तेव्हा चकती दोनवर होती. मी विचारलं, "बाबा, कसं आहे?"

"बरां आसा," म्हणाले. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, आणि थोडा वेळ तिथेच थांबले.